मागचा खांदा

टॅनर गल्लीच्या तोंडाशी जे शेवटचं घर आहे, त्याच्या बिनखिडकीच्या भिंतीवरचा कॉनल लॅव्हर्टी डॉमिनिक टोलननं पाच वेळा रंगवला. पहिल्यांदा सत्त्याऐंशी साली आणि मग दर सात-आठ वर्षांनी, कारण बेलफास्टचा पाऊस शहीद बघत नाही की साधा माणूस बघत नाही, सगळ्यांचे रंग सारखेच उतरवतो.

चित्र तसं साधंच. अंत्ययात्रा चाललीये. आयर्लंडच्या तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी, तिच्यावर शहिदाच्या मानाचे काळे हातमोजे, मागं छत्र्यांची गर्दी, आणि वर आभाळात कॉनलचा हसरा चेहरा, जसा तो आयुष्यात फारसा हसला नव्हता. रस्त्याच्या बाजूनं तीन खांदेकरी दिसतात. पुढचा फेलिम कुश्नाहन. तो आजही हयात आहे आणि दर उद्घाटनाला स्वतःच्याच चित्राखाली उभा राहून भाषण ठोकतो. मधला त्याचा चुलतभाऊ. आणि मागचा, तो मिशीवाला, कोण होता हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. निदान डॉमची तशी समजूत होती. या एका समजुतीवर त्या माणसानं छत्तीस वर्षं काढली, म्हणून हे सांगायचं.

आमच्याकडं खांदा द्यायची एक रीत आहे. घरापासून चर्चपर्यंत आणि चर्चपासून दफनभूमीपर्यंत दर वीस-पंचवीस पावलांवर खांदेकरी बदलतात. उंची बघून जोड्या लावतात, एक जोडी सुटते, दुसरी खाली शिरते, पेटी थांबत नाही. मेलेल्याशी तुमचं वाकडं असलं तरी वीस पावलं चालून यायचं, भांडण मग घरच्यांशी पुढं चालू ठेवायला कुणाची ना नाही. कोण आलं आणि कोण आलं नाही, हे मात्र गल्ली विसरत नाही. बारसं विसरेल, लग्न विसरेल, हे नाही.

डॉमचा भाऊ फिन्टन त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी धाकटा. बेकरीची गाडी चालवायचा, दुकानादुकानांत पाव टाकत फिरायचा. चेहऱ्यानं बरा, पण डावा कान असा बाहेर आलेला की डॉम पाट्या रंगवताना आपली पेन्सिल त्याच्या कानावर ठेवायचा.

"तुझ्या कानाला भाडं द्यायला हवं रे," डॉम म्हणायचा.

"दे की. आणि मिशीलाही दे. ती आली की," फिन्टन म्हणायचा. विसाव्या वर्षीही त्याच्या ओठावर चार केस धड उगवले नव्हते, आणि त्याला मिशीची भारी हौस.

पावाच्या गाडीला ब्रिटिश सैनिक फारसे अडवत नसत, म्हणून त्यांच्याशी लढणाऱ्या आमच्या संघटनेनं दोन-तीनदा त्याच्याकडून हत्यारांचं एखादं खोकं इकडून तिकडं नेऊन घेतलं होतं. गल्लीतल्या कुठल्या पोरानं असलं काही केलं नव्हतं? त्र्याऐंशी साली गल्लीतल्या एका घरावर धाड पडली आणि फरशीखालची हत्यारं सैनिकांच्या हाती लागली. कुणीतरी तोंड उघडलं होतं हे उघड होतं. तीन आठवड्यांनी, गुरुवारी दुपारी चहाच्या वेळी दोघं जण टोलनांच्या दाराशी आले. फिन्टन अंडं खात होता. "अर्ध्या तासात येतो," असं आईला सांगून तो उठला. नऊ दिवसांनी सरहद्दीजवळच्या एका गल्लीवजा रस्त्याच्या कडेला सापडला. मागून दोन ओळींचं निवेदन आलं: पोलिसांचे पैसे घेत होता, कबुली दिली. खबऱ्या. आमच्या भागात याहून वाईट शब्द नाही, आणि तो एकदा लागला की धुऊन निघत नाही.

फिन्टनची पेटी निघाली त्या सकाळी टॅनर गल्लीत एकही पडदा उघडा नव्हता. पेटीला सहा खांदे लागतात. वडील, डॉम, न्यूरीहून आलेला मामा आणि अंत्यविधीवाल्याची दोन माणसं धरून पाच झाले. फादरनी इकडंतिकडं बघितलं आणि घसा खाकरला. तेव्हा आईनं हातातली पर्स शेजारच्या पायरीवर ठेवली आणि मागच्या डाव्या बाजूला जाऊन खांदा लावला. त्या काळी बायका खांदा देत नसत. ती बुटकी, त्यामुळं पेटी मागून कलायची. चढाचा रस्ता, मैलभर. एकदाही बदली मिळाली नाही. ज्यांनी लहानपणी फिन्टनला खांद्यावर बसवून मॅच दाखवल्या होत्या, ते पडद्याआड बसून राहिले. वडील त्यानंतर दोन वर्षं जगले आणि त्या दोन वर्षांत घराबाहेर पडताना कधी मान वर करून चालले नाहीत.

लोक विचारतील, मग डॉम तिथून निघून का गेला नाही? आई जाणार नव्हती म्हणून. आणि फेलिम कुश्नाहन आला म्हणून. फेलिम संघटनेतला, आणि शाळेत डॉमबरोबर एका बाकावर बसलेला. चार महिन्यांनी फेलिम मागच्या दारानं आला, टोपी हातात घेऊन.

"चौकशीत गडबड झाली असं माझं मत आहे," तो म्हणाला. "पुन्हा बघायला लावतो. वेळ येऊ दे. फिन्टनचं नाव साफ होईल, हा माझा शब्द. फक्त तू बाहेर बोंबलत फिरू नकोस, नाहीतर माझे हात बांधले जातील."

डॉमनं तोंडात मिठाची गुळणी धरली. रोझलीन नावाची एक मुलगी होती. तिच्या बापानं खबऱ्याच्या भावाला पोरगी द्यायला नकार दिला, तेव्हाही तो काही बोलला नाही. आणि पुढं संघटनेला भिंती रंगवायला माणूस हवा झाला, तेव्हा पाट्या रंगवणारा डॉम ब्रश घेऊन हजर झाला. त्याचा हिशेब भाबडा होता. आपण निष्ठेनं काम केलं तर लोकांना वाटेल, असल्या माणसाचा भाऊ खबऱ्या कसा असेल. त्यानं दुसऱ्यांचे भाऊ रंगवले, दुसऱ्यांचे मुलगे रंगवले. भिंत पांढरी करायची, निळ्या खडूची दोरी ताणून चौकोन आखायचे, फोटोवर तसेच चौकोन, आणि एकेक चौकोन उचलून भिंतीवर मांडायचा. डोळ्यांची जागा पांढरी सोडायची. डोळे शेवटी, आणि ते रंगवायच्या दिवशी घरच्यांना बोलवायचं. मग कुणाची तरी आई रस्त्यापलीकडं उभी राहायची आणि म्हणायची, "हो, हा माझा." हे ऐकायला डॉम दर वेळी परांचीवरून खाली उतरायचा आणि दर वेळी आपल्या आईचा विचार करायचा.

कॉनल लॅव्हर्टी शहाऐंशी साली सैनिकांच्या गोळीला बळी पडला. त्याच्या अंत्ययात्रेला एवढी माणसं लोटली की खांदेकरी दर दहा पावलांवर बदलले, तरी अर्ध्यांना वाटा मिळाला नाही. पुढल्या वर्षी भिंतीचं ठरलं. वर्तमानपत्रातला एक फोटो होता, पण त्यात मागच्या खांदेकऱ्याचं तोंड कुणाच्या तरी छत्रीआड गेलेलं.

"इथं कोण होतं?" डॉमनं विचारलं.

"कुणाला आठवतंय? दर मिनिटाला माणूस बदलत होता," फेलिम म्हणाला. "काढ कुणाचाही. फक्त ओळखीचा नको, नाहीतर बाकीचे रुसून बसतील."

डॉमनं फिन्टन काढला. त्याला मिशी दिली, चांगली जाड, आणि कपाळावर टोपी ओढली. आपण खांदेकऱ्यांमध्ये भावाला चोरून घुसवला, ज्या गल्लीनं त्याला खांदा दिला नाही तिच्याच तोंडावर, याचा त्याला केवढा आनंद झाला. आयुष्यात त्यानं केलेलं हे एकमेव बंड. या भिंतीपुढं गल्ली दरवर्षी टोप्या काढून उभी राहायची, म्हणजे फिन्टनपुढंही राहायची. मागची डावी जागाही त्यानं मुद्दामच निवडली असं तो स्वतःला सांगायचा, जरी ती छत्रीनं निवडली होती.

आईला त्यानं काहीच सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती प्रार्थनेहून येताना लांबच्या वाटेनं यायला लागली. भिंतीसमोर पिशवी खाली ठेवायची, हात बदलायची, निघायची. मरेपर्यंत, अठरा वर्षं. या विषयावर ती एकदाच बोलली, बटाटे सोलताना. "मिशी शोभते त्याला," एवढंच म्हणाली.

यंदा डॉम एकोणसत्तर वर्षांचा झाला. उजवा हात थरथरायला लागलाय. ब्रश टेकेपर्यंत थरथरतो, टेकला की थांबतो. भिंतीचा रंग पोपडे धरून सुटलेला, म्हणून पोपडे खरवडून जुन्याच चित्रावर रंग द्यायचा आणि सप्टेंबरात नवं उद्घाटन करायचं ठरलं. आभाळ, झेंडा, गर्दी ब्रोना करणार होती. ती चाळिशीची, कला शाळेत शिकलेली, भली बाई. खांदेकरी मात्र डॉमच करणार, शेवटचे. आणि फेलिम, जो आता नगरसेवक आहे, सूट घालतो आणि ज्याचे दात त्याच्या तरुणपणीच्या दातांपेक्षा चांगले आहेत, त्यानं रस्त्यात डॉमच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं, "यंदा करून टाकतो. व्यासपीठावरून. कागद जवळजवळ तयार आहे."

असं तो चौदा साली बोलला होता, नऊ सालीही बोलला होता. पण व्यासपीठावरून असं याआधी कधी म्हणाला नव्हता. डॉमनं नवा शर्ट घेतला. चाळीस वर्षांनी भर रस्त्यात, माइकवरून, फिन्टन टोलन निर्दोष होता असं कुणीतरी म्हणणार होतं, आणि ते ऐकायला निदान आपण एकटे तरी जिवंत आहोत, एवढ्याच गोष्टीवर त्याचा जीव टांगलेला होता.

भिंतीला हात लावण्याआधी मेलेल्याच्या घरी जाऊन विचारायचं, ही आमच्याकडची पद्धत. कॉनलची बायको इटा भिंतीच्या समोरच राहते. डॉम दर वेळी चांगलं जाकीट घालून तिच्याकडं जायचा. ती चहा आणि लोणी लावलेला सोडा ब्रेड पुढं ठेवायची, हवापाण्याचं बोलायची आणि शेवटी म्हणायची, "कर तुला काय करायचं ते." या वेळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडं खोकी. इटा शहात्तर वर्षांची झाली, आता डंडॉकला मुलीकडं राहायला चाललेली.

"बस त्या खोक्यावर. त्यात पुस्तकं आहेत, मोडणार नाही," ती म्हणाली.

डॉम बसला. खुशीत होता, त्यामुळं त्या घरात जे नाव त्यानं कधी घेतलं नव्हतं ते घेतलं. "यंदा फेलिम बोलणार आहे, मिसेस लॅव्हर्टी. फिन्टनबद्दल. तुम्ही थांबला असता उद्घाटनाला तर बरं झालं असतं."

इटानं किटली खाली ठेवली. "मागचा तो फिन्टनच ना?"

डॉमनं हातातला रिकामा कप शेजारच्या खोक्यावर ठेवला. "कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी. मिशी चिकटवलीस, टोपी चढवलीस, आणि कान तसाच ठेवलास शहाण्या. शिवाय तुझी आई रोज सकाळी तिथं माझ्याकडं पाठ करून उभी राहायची. पावाची पिशवी घेऊन बाई भिंतीच्या रंगासाठी थांबते होय?" मग खिडकीकडं न बघता ती म्हणाली, "काढ त्याला तिथून."

डॉमचं डोकं तडकलं. "त्यानं काहीही केलेलं नव्हतं. तुमच्या नवऱ्याच्या पेटीला त्याचा विटाळ होत असेल तर—"

"मला माहीत आहे त्यानं काही केलं नव्हतं. म्हणून तर सांगते."

तिनं सांगितलं, ते फार लांबलचक नव्हतं. धाडीच्या आधी पोलिसांनी कॉनलला उचललं होतं, तीन दिवस आत होता, चौथ्या दिवशी बाहेर आला तो अंगावर ओरखडा नसलेला. ते घर त्यानंच सांगितलं. आणि संघटनेनं चौकशी लावली, घराची माहिती कुणाकुणाला होती असं विचारलं, तेव्हा त्यानं पाववाल्या पोराचं नाव पुढं केलं.

"तुम्हाला कधी सांगितलं त्यानं?"

"तुमची पेटी या खिडकीखालून गेली तेव्हा. यानंच पडदा ओढला. मग भिंतीला टेकून खाली बसला. तुझ्या आईनं खांदा लावलाय हे फटीतून बघितलं होतं त्यानं. तेव्हा बोलला."

"आणि तुम्ही चाळीस वर्षं गप्प बसलात."

"चार मुलं होती, डॉमिनिक. शहिदाची बायको म्हणून या गल्लीनं माझी पोरं वाढवली. खबऱ्याची बायको म्हणून काय वाढलं असतं ते मला ठाऊक होतं. तुझ्या आईच्या पानात काय पडलं ते बघतच होते की मी." तिनं चहा ओतला, हात अगदी स्थिर. "फेलिमला मी सांगितलं होतं. लढाई थांबली त्या साली. मला वाटलं, आता तरी काही करतील."

लढाई थांबली चौऱ्याण्णव साली. डॉमनं मनातल्या मनात वर्षं मोजली आणि मोजायची मध्येच सोडून दिली.

"आत्ता सांगताय," तो म्हणाला. "खोकी भरून झाल्यावर."

"हो. आधी हिंमत नव्हती. आताही नाहीये, फक्त उद्या गाडी येणार आहे." आणि मग ती पहिल्यांदाच त्याच्याकडं सरळ बघून बोलली. "रोज उठून पडदा उघडायचा आणि बघायचं, ते पोर याला वाहून नेतंय. छत्तीस वर्षं वाहतंय. मी काय म्हणणार होते, माझ्या नवऱ्याखालून काढ त्याला असं?"

डॉमनं चहाला हात लावला नाही. दारात तिनं रुमालात बांधलेला ब्रेड पुढं केला, सवयीनं, आणि सवयीनंच त्यानं तो घेतला. पुढच्या वळणावर एका कुंपणाच्या खांबावर ठेवून दिला.

फेलिमचं ऑफिस मुख्य रस्त्यावर, औषधाच्या दुकानावर. भिंतीवर त्याचे परदेशी पाहुण्यांबरोबरचे फोटो. डॉम आत शिरला आणि बसायला सांगायची वाट न बघता बसला.

"कॉनलनं केलं होतं," तो म्हणाला. "तुला एकोणतीस वर्षं माहीत आहे."

फेलिमनं दार लावून घेतलं. "इटा? तिचं वय झालंय रे."

"तुझंही झालंय. माझंही झालंय. खरं की खोटं एवढंच बोल."

फेलिम बराच वेळ पेन उघडत-लावत राहिला. खोटं बोलणं त्याला जड जात नाही, पण एका बाकावर बसलेल्या माणसाशी बोलताना थोडा वेळ लागतो. "समजा खरं," तो म्हणाला. "पुढं? कॉनलला भिंतीवरून खाली उतरवू? त्याच्या नावानं क्लब आहे. पोरांचा फुटबॉलचा चषक आहे. सहा नातवंडं आहेत, त्यातला एक आमच्या शाखेचा सचिव आहे. त्यांना काय सांगू?"

"जे माझ्या आईला सांगितलंत ते. दोन ओळी."

"तू कडवट होऊ नकोस."

"आणि तो कागद? जवळजवळ तयार असलेला?"

फेलिमनं ड्रॉवरमधून कागद काढून त्याच्यापुढं सरकवला. खरंच तयार होता, टाइप केलेला. त्या कठीण काळात काही निर्णय चुकले असण्याची शक्यता आहे, असं त्यात लिहिलं होतं, आणि त्यामुळं ज्या कुटुंबांना दुःख झालं त्यांच्याबद्दल सहानुभूती. नाव एकही नव्हतं.

"तोंडाला पानं पुसलीस," डॉम म्हणाला.

तेव्हा फेलिमलाही राग आला. "पानं? तुला तो चेहरा ठेवू दिला ना आम्ही? तुला काय वाटलं, आम्ही आंधळे होतो? त्या कानावरून शेंबड्या पोरानंही ओळखला असता. दोनदा विषय निघाला कमिटीत. मी म्हटलं, राहू दे, त्याच्या आईला बरं वाटतं, आणि डॉम काम चांगलं करतो."

डॉम उठला. जिना उतरून रस्त्यावर आला. आयुष्यभर ज्याला तो आपली चोरी समजत होता ती भीक निघाली होती, आणि देणाऱ्यांनी ती देऊन त्याच्याकडून पाच वेळा भिंत रंगवून घेतली होती. कॉनलचा हसरा चेहराही त्यानंच दिला होता त्याला. आणि फिन्टनला त्यानं कुठं नेऊन उभा केला होता? ज्यानं त्याला मारवलं त्याच्याच पेटीखाली. छत्तीस वर्षं, उन्हापावसात, आणि एकदाही बदली नाही. आईनं तरी मैलभरच वाहिली होती.

शनिवारी सकाळी परांची बांधलेली होती. ब्रोना वरच्या फळीवर आभाळ करत होती, रेडिओ लावून. डॉमनं फेलिम केला, आता केला नाही तर लोक विचारतील म्हणून. पण दात तेवढे जुनेच काढले, पुढचा एक किडका. चुलतभाऊ केला. मग डांबरी रस्त्याचा करडा रंग कालवला आणि गर्दीच्या कोटांचा काळपट निळा, आणि मागच्या जागेकडं गेला.

आधी मिशी पुसली. त्यामुळं, दोन ब्रश मारेपर्यंत का होईना, भिंतीवर फिन्टन जसा होता तसा दिसला, वीस वर्षांचा, ओठावर काही नसलेला. डॉम थांबला. हात थरथरत होता म्हणून थांबला असं त्यानं नंतर ब्रोनाला सांगितलं. मग टोपी गेली, कपाळ गेलं, डोळे गेले, पेटीखालचा खांदा गेला. कान सगळ्यात शेवटी. त्याच्यावर दोन हात द्यावे लागले, जुना रंग वर येत होता.

ब्रोना शिडीवरून वाकून बघत होती. "डॉम, मागं माणूस नको का? पेटी अधांतरी दिसतेय."

"दिसू दे."

"कमिटी मला विचारेल."

"सांग त्यांना, तो मुलगा तिथं नव्हताच. अंत्ययात्रेच्या आधी तीन वर्षं मेला होता."

ब्रोनानं पुढं काही विचारलं नाही. रेडिओ बंद करून ती तशीच बसून राहिली, आणि हे डॉमला तिच्याबद्दल कायम आवडेल.

उद्घाटनाच्या दिवशी कापड खाली आलं तेव्हा फेलिमनं वर बघितलं आणि उचललेला माइक परत खाली ठेवला. डॉम नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत उभा होता. त्याला वाटलं, आता तरी हा अडकला, आता या रिकाम्या जागेबद्दल काहीतरी खरं बोलावंच लागेल याला. पण फेलिम काय आजचा नगरसेवक आहे? त्यानं कागद खिशात घातला, माइक धरला आणि म्हणाला, "मित्रांनो, मागची जागा आमच्या कलाकारानं रिकामी ठेवली आहे. ज्यांना तुरुंगाच्या भिंतींमुळं त्या दिवशी खांदा द्यायला येता आलं नाही, त्या सर्वांची ही जागा." लोकांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या की पारव्यांचा थवा उठला. दोन म्हाताऱ्या बायका रडल्या. कॉनलच्या नातवानं डॉमचा हात हातात घेऊन दाबला.

आता काळ्या टॅक्सीतून परदेशी पाहुणे येतात. अकराच्या सुमाराला पहिली गाडी. गाइड त्यांना ती रिकामी जागा बोट दाखवून दाखवतो, आणि फोटो तिचेच जास्त निघतात. डॉम समोर बसलेला असतो, इटाच्या रिकाम्या घराच्या पायरीवर. आधी तो नुसता ऐकून घ्यायचा. पण गेल्या आठवड्यात एक पिवळा रेनकोट घातलेली अमेरिकन बाई कॅमेरा खाली करून त्याच्यापाशी आली, आणि इथं खरं कोण होतं हे तुम्हाला ठाऊक आहे का, असं तिनं सरळ त्यालाच विचारलं. छत्तीस वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"फिन्टन टोलन," डॉम म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, इतका की रस्त्यापलीकडं दोघं वळून बघायला लागले. "माझा भाऊ."

बाईनं गाइडकडं बघितलं. "तोही यांच्यातलाच होता? शहीद?"

गाइड पंचवीस वर्षांचा. त्यानं हे नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं, पण त्याला अजून चार भिंती दाखवायच्या होत्या. "अर्थात," तो म्हणाला. "फिन्टन टोलन. मोठा शूर माणूस. त्याचं नाव इथं सगळे आदरानं घेतात." आणि त्यानं टॅक्सीचं दार उघडून धरलं. बाईनं छातीवर हात ठेवून डॉमकडं बघितलं, तिचे डोळे भरून आले होते.

ज्यासाठी डॉमनं चाळीस वर्षं फेलिमचे उंबरठे झिजवले ते असं झालं, पगारी पोराच्या तोंडून, गाडीचं इंजिन चालू असताना.

"शहीद नव्हता," डॉम म्हणाला. "पाववाला होता." पण तोवर टॅक्सीचं दार लागलं होतं.